शंभर टक्के समाधानी

पडद्यावर आकडे झळकले तेव्हा ओडेसा टिलमन शेवटच्या रांगेत बसून नखांतलं ग्रीस काढत होती. गुरुवारची बैठक म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती कंपनीतल्या ऐंशी माणसांनी तासभर खुर्च्या उबवायच्या आणि कॅप्टन लिंडक्विस्ट यांच्या स्लाइडा बघायच्या. आजच्या स्लाइडा पाहणीच्या होत्या. सैनिक आपल्या कामावर किती खूश आहेत, हे दर वर्षी फोर्ट हॅलोरन छावणीच्या वरच्या लोकांना जाणून घ्यायचं असतं. कामावर येऊन विचारण्यापेक्षा फॉर्म पाठवणं त्यांना सोपं जातं.

"आता विशेष गट," कॅप्टन म्हणाले. "एकल पालक. संख्या, एक. कामाबाबत अत्यंत समाधानी, शंभर टक्के."

ऐंशी माना मागे वळल्या. पाहणी अर्थातच गुप्त होती, नाव कुठेच नव्हतं. पण त्या अख्ख्या कंपनीत एकटीनं पोर वाढवणारं माणूस एकच होतं, आणि ते शेवटच्या रांगेत नखं कोरत बसलं होतं. कोणीतरी टाळी वाजवली.

शेजारची सार्जंट पाचेको तिच्या कानाशी वाकली. "अभिनंदन गं. शंभर टक्के. मला शाळेत कधी साठाच्या वर मिळाले नाहीत."

"मी तो फॉर्म भरलेलाच नाही," ओडेसा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे भरलेला नाही. मी रानात होते त्या दिवशी, उलटलेला ट्रक काढायला."

कॅप्टनची पुढची स्लाइड आली होती. एकल पालकांची अडचण दिसत नसल्यामुळे, ते म्हणाले, सकाळच्या कवायतीची वेळ बदलण्याचा प्रस्ताव कर्नलसाहेबांनी बाजूला ठेवला आहे. सव्वासहा आहे ती सव्वासहाच राहील. पुढचा विषय, वाहनतळावरचं पार्किंग.

ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो प्रस्ताव तिचाच होता. फेब्रुवारीत तिनं हातानं लिहून दिला होता आणि कर्नल म्हणाले होते, बघू, पाहणीत काय निघतं ते. ती दोन महिने त्या पाहणीच्या भरवशावर बसली होती.

अडचण होती पंधरा मिनिटांची. कवायत सव्वासहाला, आणि छावणीतलं पाळणाघर उघडायचं साडेसहाला. माणसं कमी पडतात म्हणून मागच्या वर्षी त्यांनी दार अर्धा तास उशिरा उघडायला सुरुवात केली. ज्यांनी हे वेळापत्रक केलं त्यांच्या घरी बायका होत्या. त्यांना वाटत असणार, पंधरा मिनिटांनी काय बिघडतं. आणि ओडेसा पंधरा मिनिटं उशिरा आली असती तर त्याच लोकांनी तिला कर्तव्यात कसूर म्हणून कागद हातात दिला असता.

म्हणून रोज सकाळी साडेपाचला ती चार वर्षांच्या ज्युनीला झोपेतच खांद्यावर टाकायची आणि रस्ता ओलांडून मिस अर्लीनच्या घरी नेऊन सोफ्यावर ठेवायची. मिस अर्लीन अडुसष्ट वर्षांच्या, एका जुन्या सार्जंटच्या विधवा. त्या ज्युनीला उठवायच्या, लोणी घातलेली मक्याची लापशी भरवायच्या आणि सातला पाळणाघरात सोडायच्या. पण आता त्यांना गाडी चालवण्याइतकं दिसत नव्हतं, आणि महिनाअखेरीला मुलगा त्यांना टल्साला घेऊन जाणार होता. दुसरं माणूस शोधावं, तर ते सैनिक असून चालत नाही असा नियम. ओडेसाची झाडून सगळी दोस्तमंडळी सैनिक. छावणीबाहेरच्या पोरी सांभाळायला तयार होत्या, पण पहाटे साडेपाचला कोणी दार उघडत नव्हतं.

आणि हा नुसता गैरसोयीचा मामला नव्हता. एकट्या आईबापाची सैन्यात एक वेगळी फाइल असते. तुम्ही कामावर असताना प्रत्येक वेळेला पोर कोणाकडे असेल, त्या माणसाचं नाव, पत्ता, सही, सगळं त्यात लागतं. एखादी वेळ मोकळी राहिली की तीस दिवसांची मुदत. तीस दिवसांत नाव मिळालं नाही तर पोर नातेवाइकांकडे पाठवा, नाहीतर वर्दी उतरवा. ओडेसाचे नातेवाईक म्हणजे मोबीलला राहणारी बहीण लोरेन, सहाशे मैलांवर, स्वतःची तीन पोरं. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत.

वर्दी उतरवणं जमलं असतं तर तिनं केव्हाच उतरवली असती असं लोकांना वाटे. तिथेच लोक चुकत. ओडेसाला आपलं काम आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, वेड होतं तिला त्याचं. पाच टनी ट्रकच्या इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावायची आणि सांगायची, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर. बाकीचे संगणक जोडून दीड तासानं त्याच उत्तराला यायचे. दोन आठवडे मेलेलं इंजिन तिच्या हाताखाली पहिल्यांदा धडधडलं की तिला जे वाटायचं, ते तिला नवऱ्यानं कधी वाटू दिलं नव्हतं, म्हणून तर तो सोडून गेला त्याचं तिला फार दुःख झालं नाही.

बैठक संपली तशी ती तडक तीन नंबरच्या गाळ्यात गेली. तिथं तिच्या तुकडीचा प्रमुख, सार्जंट वेंडल क्रेब्ज, तेलाचा फिल्टर सोडवत होता. अठरा वर्षांवर नोकरी, दीड वर्षावर पेन्शन. सहा वर्षांपूर्वी ओडेसा ऑफिसात टायपिंग करत होती, तेव्हा तिला उचलून वर्कशॉपमध्ये आणणारा हाच. तिला जे येत होतं त्यातलं निम्मं यानं शिकवलेलं.

"माझ्या कोडच्या चिठ्ठीचं काय केलंत?" ओडेसानं विचारलं.

"कुठली चिठ्ठी?"

"सार्जंट क्रेब्ज, मला वेड पांघरून दाखवू नका. पाहणीचा फॉर्म उघडायची चिठ्ठी. प्रत्येकाला एक. तुमच्याकडे होत्या सगळ्यांच्या."

क्रेब्जनं पाना खाली ठेवला, हात पुसले. "चार उरल्या होत्या. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सगळ्यांचे फॉर्म आले तर सोमवारी सुट्टी, असं कर्नलनं कबूल केलेलं. तू रानात. एक दातांच्या डॉक्टरकडे, एक रजेवर, एक कुठे उलथलाय ते अजून कळलं नाही. ऐंशी माणसांची सुट्टी चार चिठ्ठ्यांवर अडलेली. मी भरल्या. फोनवर. संडासात बसून, खरं सांगायचं तर."

"आणि माझ्या फॉर्मवर अत्यंत समाधानी लिहिलंत."

"चारही फॉर्मवर तेच लिहिलं. वाचत कोण बसतंय."

"मग एकल पालक कशाला लिहिलंत? तेही काहीतरी ठोकून द्यायचं होतं ना."

क्रेब्जचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "मग काय लिहू? तू आहेस ना एकल पालक? सरकारी फॉर्मवर खोटी माहिती द्यायची नसते, टिलमन."

ओडेसाला हसू आलं आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. हा माणूस वय, हुद्दा, पोरंबाळं अगदी प्रामाणिकपणे भरतो आणि जिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तिथं वाट्टेल ते खरडतो. अख्खं सैन्यच असं चालतं, तिला वाटलं.

"माझी पोरगी जाईल तुमच्या त्या एका टिकमुळे," ती म्हणाली. "मिस अर्लीन तीस तारखेला चालल्यात. मला वेळ बदलून हवी होती. एवढं एकच मागितलं होतं मी अकरा वर्षांत."

"मला काय माहीत, कर्नल ती टिक धरून बसेल म्हणून." क्रेब्जनं पाना पुन्हा उचलला. मग म्हणाला, "त्या सोमवारी तूही घरीच होतीस. पोरीला तळ्यावर घेऊन गेलीस. मला फोटो दाखवलेस."

ते खरं होतं. ओडेसाला आणखीच राग आला.

"आणि एक सांग मला," क्रेब्ज म्हणाला. "तू स्वतः काय टिक केलं असतंस? कामाबाबत समाधानी आहात का. तू. जिला मी जेवणाच्या सुट्टीत ओढून बाहेर काढतो."

ती वळली आणि निघून गेली, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

कॅप्टन लिंडक्विस्ट अठ्ठावीस वर्षांचे, स्वभावानं वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडायला सोपं जातं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, दार लावलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"तुम्ही हे लेखी दिलंत," ते म्हणाले, "तर चौकशी लागेल. सार्जंट क्रेब्ज यांची पेन्शन जाऊ शकते. पाहणी रद्द होईल. अहवाल वर गेलाय, आणि कर्नलसाहेबांना तो परत मागवावा लागेल."

"मग माझ्या मुलीचं काय करू, सर?"

"मी काय सुचवतो ऐका. चुकून दोनदा भरलेला फॉर्म काढून टाकायची सोय असते. मी तुम्हाला नवा कोड देतो. तुम्ही तुमचा फॉर्म भरा, जुना दुबार म्हणून रद्द होईल. कोणाचंच नुकसान नाही." ते पुढे झुकले. "फक्त त्यात गरज दिसली पाहिजे, सार्जंट. पुन्हा समाधानी आलं तर माझे हात बांधलेले आहेत."

ओडेसानं विचार केला. क्रेब्ज वाचतो, ज्युनी राहते. कोड घेऊन ती गाडीत जाऊन बसली आणि फोनवर फॉर्म उघडला.

चाळीस प्रश्न होते. वरिष्ठ तुमचा आदर करतात का. तुमच्याकडे पुरेशी अवजारं आहेत का. कॅन्टीनमधलं जेवण कसं आहे. पाळणाघराचं दार किती वाजता उघडतं, हे चाळीसात कुठेच नव्हतं. मनातलं लिहायला जागा नव्हती. पहिलाच प्रश्न, एकूणात तुम्ही तुमच्या कामाबाबत समाधानी आहात का, आणि पाच चौकोन. गरज दाखवायची तर ती तिथंच दाखवायला हवी होती.

तिनं शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. अत्यंत असमाधानी. मग खालच्या एकोणचाळीस प्रश्नांनाही तेच ठोकून दिलं, अवजारांनासुद्धा, जी तिनं स्वतः रोज पुसून ठेवली होती. आपल्याच आईची चारचौघांत नालस्ती करावी तसं तिला वाटलं. पण पोरीसाठी माणूस काय करत नाही.

तीस तारखेला मिस अर्लीन गेल्या. मुलगा सामान चढवत होता आणि त्या पायरीवर बसून ज्युनीच्या वेण्या घालत होत्या.

"झालं का तुझं वेळेचं?" त्यांनी विचारलं.

"होईल म्हणतायत, मिस अर्लीन. फॉर्म भरून दिलाय."

"आमच्या ह्यांनासुद्धा यायचे ते फॉर्म. सव्वीस वर्षं. दर वेळी लिहायचे, समाधानी." त्यांनी वेणीला रबर लावलं. "त्यांच्या समाधानाला मी होते ना घरात. मला एकदा तरी कोणी फॉर्म दिला का, विचार."

ज्युनी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली. ओडेसानं तिला उचलून आणलं.

त्याच दिवशी दुपारी कॅप्टननी तिला बोलावलं आणि उभं राहून हात मिळवला. चेहरा अगदी खुललेला. "काम झालं. तुमची नाराजी कर्नलसाहेबांनी फार गांभीर्यानं घेतली. उद्यापासून तुम्हाला सकाळची कवायत नाही. कामाची वेळ नऊ ते पाच."

ओडेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "थँक यू, सर. मग मी नऊला येऊन आधी तीन नंबरचं..."

"नाही, नाही. तीन नंबर आता विसरा. तुम्हाला सुट्या भागांच्या काउंटरवर घेतलंय. पावत्या, नोंदी, पंखा डोक्यावर. वर्कशॉपमधून तुमची सुटका केली."

"सुटका?" ओडेसा म्हणाली. "मला काम नको, असं मी कधी म्हटलं?"

कॅप्टननी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. "कामाबाबत अत्यंत असमाधानी. अवजारांबाबत अत्यंत असमाधानी. आता माणूस कामावर इतका नाखूश आहे म्हटल्यावर त्याला त्याच कामावर ठेवायचं, हे बरं दिसत नाही."

"ही पाहणी गुप्त आहे ना, सर?"

"अर्थात. एकल पालक, संख्या एक, समाधान शून्य टक्के. नाव कुठेच नाही."

ते मनापासून बोलत होते. ओडेसाला तेव्हा कळलं की या लोकांशी भांडता येत नाही, कारण त्यांना खरंच वाटतं की त्यांनी उपकार केलेत.

तीन आठवडे ती काउंटरवर बसली. वर्दी दिवसभर स्वच्छ राहायची आणि तिला तिची किळस यायची. मग ज्युनीकडे बघून स्वतःची लाज वाटायची, कारण पोरगी खुलली होती. आता ती आपल्या पायांनी पाळणाघरात जायची, उजेडात, वाटेत प्रत्येक कुत्र्याला नमस्कार करत. सकाळी दोघी मिळून पॅनकेक करायच्या. सगळे म्हणायचे, बघ, किती बरं झालं. पाचेकोची आई फोनवर म्हणाली, देवाचे आभार मान. ओडेसा आभार मानायला बसायची आणि दात आवळले जायचे. पोर आणि काम, दोन्ही तिचीच होती. त्यातलं एक काढून घ्यायचं आणि दुसरं हातात ठेवून वर म्हणायचं की आमचे आभार मान, हा कुठला न्याय?

एकदा पाचेको काउंटरवर आली. "हेड गॅस्केट दे. तीन नंबरमधल्या त्या मोठ्या धुडाचं इंजिन ठोकतंय."

अंगणापलीकडून आवाज येतच होता. ओडेसा सकाळपासून तो ऐकत होती. "गॅस्केट नाही ते. इंजेक्टर आहे. पाचवा बघ."

"क्रेब्ज म्हणतो गॅस्केट."

"क्रेब्जचे कान गेलेत. त्याला म्हणावं, मी सांगितलंय."

पाचेकोनं खांदे उडवले. "तू काउंटरवर आहेस गं. गॅस्केट दे आणि सही घे."

ओडेसानं गॅस्केट दिलं, सही घेतली. दोन दिवस तीन माणसांनी ते इंजिन उघडून मांडलं, गॅस्केट बदललं, बंद केलं. ते तसंच ठोकत राहिलं. तिसऱ्या दिवशी पाचेको परत आली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "इंजेक्टर दे." ओडेसानं तो काउंटरवर असा आपटला की शेजारची पावतीवाली पोरगी दचकली.

त्याच दुपारी कॅप्टन आले. उद्याच्या बैठकीला कर्नलसाहेब स्वतः येणार होते. त्यांना कंपनीच्या चांगल्या कामांत एकल पालकांचा विषय दाखवायचा होता. "स्लाइड तयार आहे. शून्य टक्क्यांवरून पुढं कसं आलो ते. तुम्ही फक्त उभं राहून दोन शब्द बोलायचे."

"दोनच?" ओडेसानं विचारलं.

"दोन, चार. तुमच्या मनातलं."

गुरुवारी खोली गच्च भरली होती. कर्नल पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. पडद्यावर एक हिरवा बाण खालून वर गेलेला. कॅप्टननी तिचं नाव घेतलं आणि ओडेसा उभी राहिली.

"पहिला फॉर्म मी भरलेला नव्हता," ती म्हणाली. "कोणीतरी माझ्या नावावर भरला. दुसरा मी भरला. तो खोटा होता."

कॅप्टनच्या हातातलं स्लाइड बदलायचं बटण दाबलं गेलं आणि पार्किंगचा नकाशा आला.

कर्नलनी पाय खाली घेतला. "सार्जंट, तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे?"

"आहे, सर. खोटा फॉर्म भरला म्हणून काय कारवाई होते ते माहीत आहे मला. मी कामावर नाराज आहे असं लिहिलं, कारण माझ्या मुलीसाठी वेळ बदलून घ्यायला दुसरी जागाच नव्हती त्या कागदावर. मी कामावर नाराज नव्हते. या छावणीत माझ्याइतकं आपल्या कामावर जीव टाकणारं माणूस दाखवा मला. तुम्ही माझं कामच काढून घेतलंत आणि बाण वर नेलात. मी तुमच्यावर नाराज आहे, सर. कॅप्टनवर, तुमच्यावर आणि त्या पंधरा मिनिटांवर. त्याला तुमच्या फॉर्मवर चौकोन नाही."

"पहिला फॉर्म कोणी भरला?" कर्नलनी विचारलं.

क्रेब्ज तिसऱ्या रांगेत होता. त्याची मान खाली, मागून लाल दिसत होती. ओडेसा त्या मानेकडे बघत राहिली. तिनं त्याला भरपूर वेळ दिला.

"ते मी सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. क्रेब्जची मान वर झाली नाही.

कर्नल शांतच होते. मोठ्या हुद्द्याची माणसं रागवत नाहीत, त्यांच्यासाठी नियम रागावतो. "ठीक आहे. तुमचं म्हणणं असं की तुम्हाला तुमचं काम परत हवं. मिळेल. उद्यापासून तुम्ही वर्कशॉपमध्ये, आपल्या तुकडीत, बाकीच्यांच्या वेळेला. सव्वासहा. खोट्या फॉर्मची ताकीद लेखी मिळेल. आणि तुमच्या फाइलमध्ये सकाळची वेळ मोकळी आहे असं मला सांगण्यात आलंय. तीस दिवस आजपासून."

"उद्या सकाळी सव्वासहाला माझी मुलगी कुठं असेल, सर?"

"तो प्रश्न तुम्ही सोडवायचा आहे, सार्जंट. बसा."

ओडेसा बसली नाही. बैठक संपेपर्यंत ती उभीच होती, आणि तिला बसा म्हणायची नंतर कोणाची छाती झाली नाही.

बाहेर पाचेकोनं तिला गाठलं. "अगं बाई, काय केलंस हे. आता उद्या? मी ठेवून घेतलं असतं पोरीला, पण मीही त्याच रांगेत उभी असते."

"माहीत आहे."

"लोरेनला फोन कर. वर्षभर ठेव तिच्याकडे, मग बघू. कितीजण पाठवतात पोरांना."

"कितीजण पाठवतात," ओडेसा म्हणाली, "म्हणून तर दार साडेसहाला उघडतं. मी नाही पाठवणार."

सकाळी तिनं ज्युनीला झोपेतून उठवलं. खांद्यावर टाकलं नाही. तोंड धुतलं, केस विंचरले, पिवळं जाकीट घातलं, एक पॅनकेक गुंडाळून हातात दिला.

"आज कुठं जायचं?" ज्युनीनं विचारलं.

"आईच्या कामावर."

"मी काय करायचं?"

"सरळ उभं राहायचं. आणि माझा हात सोडायचा नाही."

मैदानावर लाल धुळीचा वारा सुटला होता. माणसं तुकडीतुकडीनं उभी राहात होती. ओडेसा पहिल्या रांगेतल्या आपल्या जागेवर गेली आणि ज्युनीला शेजारी उभं केलं. रांगेतल्या माणसानं काही न बोलता हातभर सरकून जागा करून दिली. मागून कोणीतरी खुसखुसलं आणि कोणीतरी त्याला कोपरानं ढोसलं.

हजेरी क्रेब्ज घ्यायचा. तो तुकडीसमोर आला, पिवळं जाकीट बघितलं आणि थबकला. डोळ्यांखाली काळं दिसत होतं, रात्रभर झोपला नसावा. मग त्यानं यादी वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक हजर.

"टिलमन."

"हजर."

ज्युनीनं आईकडे वर बघितलं. "हजर," तीही म्हणाली, तोंडात पॅनकेक.

क्रेब्ज यादीकडे बघत उभा राहिला. मग टाचेवर वळला, कॅप्टन लिंडक्विस्ट यांच्याकडे तोंड करून त्यानं सलाम ठोकला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुकडी बावीस, सर. बावीस हजर. एक जादा."

"जादा म्हणजे?" कॅप्टननी विचारलं.

"सार्जंट टिलमन यांची मुलगी, सर. माहिती खोटी देता येत नाही." त्यानं यादी मिटली. "आणि त्यांचा पहिला फॉर्म मी भरला होता. तेही लिहून घ्या."

कॅप्टन रांगेपाशी आले. ज्युनी आईच्या पायाला बिलगली, पण हात सोडला नाही. कॅप्टननी आवाज अगदी खाली आणला. "सार्जंट टिलमन, हे चालणार नाही. लहान मुलांना रांगेत उभं करता येत नाही. घेऊन जा तिला."

"कुठं, सर?"

कॅप्टननी मागे वळून बघितलं. मैदानापलीकडे पाळणाघराची बुटकी इमारत दिसत होती. आतले दिवे लागलेले होते, खिडकीतून एक बाई खुर्च्या मांडताना दिसत होती.

"ते दार उघडायला सांगा, सर," ओडेसा म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "माणूस आत आहे. दिवे लागलेत. तुम्ही सांगा, मी तिला आत सोडते आणि धावत परत येते. तोवर आम्ही दोघी इथेच उभ्या आहोत."

कॅप्टननी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. दार उघडायला अजून तेरा मिनिटं होती.